जिन्यातली नसीम आपा

नसीम आपा कुठलंही बटण एकदाच दाबून कधी थांबली नाही. लिफ्टचं असो, पंख्याचं असो, नाहीतर आम्ही महिनाभर घाम गाळून बनवलेल्या ॲपचं असो, ती ते दाबायची, बघायची, परत दाबायची, परत बघायची. मग मान तिरकी करून दोन सेकंद गप्प उभी राहायची. त्या दोन सेकंदांची आम्हा सगळ्यांना धास्ती असे. मान सरळ झाली तर ॲप वाचलं. तिनं ओढणी खांद्यावर सारखी केली, तर आमचा तो दिवस गेला म्हणून समजायचं.

सिडकोत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मोबाइलची ॲप बनवणारी दहा-बारा माणसं. मालक वैद्य सर, आणि मी त्यांचा मुख्य प्रोग्रामर, म्हणजे सगळ्यांत जास्त शिकलेला आणि त्याहून जास्त बोलणारा. आपा आमच्याकडं ॲप तपासण्याच्या कामावर आली तेव्हा पन्नाशीला टेकली होती. माहेर सोयगावचं, लग्नानंतर बजाजनगरात स्थायिक. वाळूजच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधायचं काम तिनं चौदा वर्षं केलं. लाल कुठं जाते, पिवळी कुठं जाते, हे ती डोळे मिटून सांगू शकायची. ते काम दुसऱ्या गावी गेलं आणि बाया घरी बसल्या, तेव्हा हिनं संध्याकाळचा कॉम्प्युटरचा क्लास लावला. क्लासातली पोरं पहिल्या दिवशी मावशी म्हणाली. हिनं तिथल्या तिथं सांगून टाकलं की मावशी घरी, इथं आपा म्हणायचं. तेच नाव मग आमच्याकडंही आलं.

तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर नव्हतं. कारखान्यातल्या मशीनमध्ये गेलं असणार, असं ऑफिसनं परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि तिच्या काटेकोरपणाचं कारणही त्या बोटातच शोधलं होतं. एकदा मी फार हळवा आवाज काढून विचारलं. ती खळखळून हसली. सोयगावात पाच वर्षांची असताना भावानं दार लावलं आणि हिचं बोट फटीत होतं, एवढीच गोष्ट. "कारखान्यात चौदा वर्षं काढली, साधा वरखडा नाय आला. उगं माझ्या कारखान्याला नावं ठिऊ नका," म्हणाली. माझा हळवेपणा मी मुकाट्यानं गिळला.

तिची मुलाखत मी घेतली होती, आणि ती कशी घेतली हे आठवलं की आजही कान गरम होतात. समोर साध्या सलवार-कमीजमधली पोक्त बाई, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीतून वायरमनचा टेस्टर डोकावत होता. मी खुर्चीत रेलून विचारलं, की टू-वे डेटा बाइंडिंग म्हणजे काय सांगा. तिनं प्रामाणिकपणे सांगितलं की शब्द ऐकलाय, पण तुम्हीच सांगा. मला तेच हवं होतं. मी सुरू झालो. ॲपच्या पोटात एक नोंद असते. ती मोबाइलच्या पडद्यावर दिसते. तुम्ही पडद्यावर काही बदललंत की आतली नोंद आपोआप बदलते. आतली नोंद दुसऱ्या कुणी बदलली तर तुमचा पडदा आपोआप बदलतो. दोन्ही बाजूंनी बांधलेलं, कुणी काही सांगायची गरज नाही.

ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "म्हणजे जिन्यातला बल्ब."

मला कळलं नाही. ती उठली आणि मला जिन्यात घेऊन गेली. आमच्या जिन्यात एक दिवा होता, एक बटण वरच्या वळणावर, एक खालच्या. वरून लावा, खालून बंद करा, खालून लावा, वरून बंद करा. मी म्हणालो, बरोबर, अगदी असंच. तेवढ्यावर ती थांबती तर मी तिला शाबासकी देऊन खुर्चीत परतलो असतो. पण तिनं मला वरच्या बटणापाशी उभं केलं, स्वतः खाली गेली आणि तिथून सांगितलं की बटणाकडं बघून सांगा, दिवा चालू आहे का बंद. बटण खाली दाबलेलं होतं. मी म्हणालो चालू. वर बघितलं तर दिवा बंद. अशा जिन्यात बटण वर आहे का खाली यावरून काहीच कळत नाही, दिव्याकडंच बघावं लागतं, हे मला इतकी वर्षं त्या जिन्यानं ये-जा करून ठाऊक नव्हतं.

मग तिनं दिवा लावला आणि म्हणाली, की आता दोघांनी एकाच वेळी बंद करायचा. एक, दोन, तीन म्हटल्यावर दोघांनी बटणं दाबली. दिवा क्षणभर लुकलुकला आणि होता तसाच जळत राहिला.

"बघा," ती खालून म्हणाली. "तुमी म्हणता मी बंद केला. मी म्हणते मी बंद केला. दोघंबी खरं बोलतो, अन् दिवा चालू."

मी म्हणालो, असं दोघं एकदम दाबतात कशाला, प्रत्यक्षात असं होत नाही. नोकरी तिला मी दिली, असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होतो.

तिची काम करायची रीत आमच्या कुणाच्याच सवयीतली नव्हती. आम्ही चुका कॉम्प्युटरवरच्या यादीत नोंदवायचो. ती आखीव कागदावर बॉलपेननं लिहायची, आणि तेही दुसरंच कुणीतरी होऊन. एका गुडघ्यांच्या दवाखान्यासाठी आम्ही पेशंटच्या नोंदणीचं ॲप केलं होतं. वयाच्या रकान्यात अठराच्या खाली आणि नव्याण्णवच्या वर आकडा जाऊ नये म्हणून मी मोठी युक्ती केली होती. चुकीचा आकडा पडला रे पडला की ॲपच तो लगेच दुरुस्त करणार. दुसऱ्या दिवशी टेबलावर कागद. "माझं नाव कमलबाई. मला गुडघ्याचा त्रास आहे. वय बावन्न. मी आधी पाच टाकला, तर मी अठराची झाले. बरं वाटलं. मग दोन टाकला, तर मी नव्याण्णवची झाले. आता मला खुर्ची द्या."

सगळं ऑफिस हसत होतं, मी सोडून. माझ्या युक्तीनं त्या दवाखान्यात जो येईल तो नव्याण्णव वर्षांचा होणार होता. पाच लिहिल्याबरोबर ॲप घाईनं त्याचे अठरा करत होतं, बिचारा दोन यायच्या आत, आणि मग त्या अठरापुढं दोन लागून झालेल्या एकशे ब्याऐंशीचे नव्याण्णव. आपाला त्यात हसण्यासारखं फार काही वाटलं नव्हतं. माणूस बोलायला लागला की त्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं, एवढंच ती म्हणाली आणि डबा उघडून बसली. तिच्या डब्यात बहुधा खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा असायचा, आणि ज्याची चूक तिनं त्या दिवशी काढली असेल त्याला पहिला घास मिळायचा. त्या हिशेबानं तिच्या हातचं सर्वांत जास्त मीच खाल्लं असेन.

नेटवर्कचा तिला वेगळाच राग होता. आम्ही मोबाइलचं नेट बंद करून ॲप तपासायचो आणि खूश व्हायचो. ती म्हणायची, नेट गेलेलं परवडलं, लंगडतं नेट वाईट. गेलेलं असलं तर ॲपला कळतं तरी. लंगडतं असलं की ॲप म्हणतं गेला निरोप, आणि निरोप वाटेत. म्हणून ती एक मोबाइल घेऊन खाली तळघरातल्या पार्किंगमध्ये जाऊन उभी राहायची, दुसरा मला देऊन तिसऱ्या मजल्यावर उभं करायची, आणि जिन्याच्या मधल्या पोकळीतून आमचं ओरडणं चालायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या टायपिंगच्या क्लासनं आमच्याविरुद्ध दोनदा तक्रार केली होती.

शेंद्र्याच्या एका कारखान्याचं काम आलं ते याच जिन्यामुळं गाजलं.

काम मोठं होतं. मशीन दुरुस्तीला कुठलं आहे आणि चालू कुठलं आहे, हे सगळ्यांना मोबाइलवर दिसावं, असं ॲप त्यांना हवं होतं. फिटर मशीनच्या आत शिरण्याआधी ॲपवर ते लाल करणार. काम झालं की हिरवं करणार. ऑपरेटरनं हिरवं बघितल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. वैद्य सरांनी मोठ्या जिद्दीनं ते काम मिळवलं होतं, आणि ते गेलं असतं तर निम्म्या ऑफिसला घरी बसावं लागलं असतं. मी पडदा असा सुंदर केला होता की काय सांगू. वर मशीनचं नाव, मधोमध लाल-हिरवं बटण, खाली शेरा लिहायची जागा. सगळं दोन्ही बाजूंनी बांधलेलं. शेंद्र्यात बटण फिरवलं की सिडकोत रंग बदलायचा. वैद्य सरांनी टाळी वाजवली होती.

आपा म्हणाली, मला मशीन बघायचंय. मी म्हणालो, तपासायचं ॲप आहे. ती हेल्मेट घालून तिच्या स्कूटीपाशी जाऊन उभी राहिली, तेव्हा मी मागं बसलो.

कारखान्यात पत्र्याला दाबून आकार देणारा एक भलामोठा प्रेस होता. त्याच्या खाली माणूस उतरेल एवढा खड्डा. त्या खड्ड्यातून डोकं वर काढून मल्हारी बोलला. मल्हारी तिथला फिटर, शेंद्र्याचाच, घरी अजून वीसेक मेंढ्या, म्हातारा बाप त्या चारायचा. आपानं त्याला विचारलं की आत्तापर्यंत कसं करता. त्यानं वर येऊन दाखवलं. प्रेसची वीज तोडणारा मुख्य खटका खाली ओढायचा आणि त्या दांड्याला स्वतःचं कुलूप ठोकायचं. किल्ली त्याच्या करदोड्याला बांधलेली असायची. त्याच्याशिवाय ते कुलूप कारखान्याचा मालकही काढू शकत नव्हता. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, असा फिटर लोकांचा नेम होता.

ॲप आलं की ही कुलपं बंद होणार होती. कारखान्याच्या साहेबांनी तसं सांगितलं होतं, कुलपं शोधण्यात वेळ जातो म्हणून. मल्हारीनं तक्रार केली नाही. तो अंगावरचं ग्रीस पुसत माझ्या मोबाइलकडं बघत राहिला, आणि मग मला नाही, आपाला म्हणाला, "मॅडम, मी खाली असन अन् ह्यो रंग बदलला, तर मला काय कळनार? खरं सांगा. ह्याच्या भरवशावर उतरू का मी?"

मी तोंड उघडलं होतं. आपानं हात वर करून मला थांबवलं.

"आज नाय सांगत," ती म्हणाली. "तपासते. मग सांगते. मी सांगस्तोवर उतरू नको."

"तुमी सांगितलं की उतरतो," मल्हारी म्हणाला.

पुढचे चार दिवस आम्ही जिन्यातच होतो. पहिले तीन दिवस ॲप छान चाललं आणि मी तिला रोज विचारायचो, झालं का समाधान. चौथ्या दिवशी तिनं तीन मोबाइल घेतले. एक मल्हारीचा म्हणून स्वतःकडं, तळमजल्यावर. एक तळघरात, लंगड्या नेटमध्ये, सुपरवायझरचा म्हणून. तिकडं तिनं मला पाठवलं. तिसरा ऑपरेटरचा, तो जिन्यात पायरीवर ठेवला. मी तळघरात मशीनचा पडदा उघडला. हिरवा. तिनं वरून मशीन लाल केलं. माझ्यापर्यंत ते पोचलं नाही, माझा पडदा हिरवाच. मग तिच्या सांगण्यावरून मी खालच्या जागेत साधा शेरा लिहिला, तेल मागवले आहे. नुसता शेरा, बटणाला हातही लावला नाही. मग जिना चढून वर आलो. वर येता येता माझ्या मोबाइलला नेट मिळालं, आणि शेऱ्याबरोबर माझ्या पडद्यावरचं जुनं हिरवंही आपलं आपण निघालं. पायरीवरचा मोबाइल हिरवा झाला. आपाच्या हातातला, ज्यावर तिनं स्वतः लाल केलं होतं, तोही तिच्या डोळ्यांदेखत हिरवा झाला.

तिन्ही पडदे एकमेकांशी सहमत होते आणि तिन्ही खोटे होते. खड्ड्यात माणूस आहे, हे जगात कुठंच लिहिलेलं उरलं नव्हतं. आपानं ओढणी खांद्यावर सारखी केली.

वैद्य सर वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सोमवारी कारखान्यात ॲप सुरू करायचं ठरलं होतं, बाहेरचे पाहुणे येणार होते. ते म्हणाले, की असं शंभरात एकदा होईल, सोमवार पार पडू दे, पुढच्या आठवड्यात दुरुस्त करू. फक्त तपासणीच्या कागदावर पास लिहून सही हवी. तो कागद आपाच्या सहीशिवाय बाहेर जात नसे.

"नाय," आपा म्हणाली.

सरांनी समजावलं. निम्मं ऑफिस घरी बसेल हेही सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, "सर, तुमची अडचण मला कळती. मी स्वतः घरी बसलेली बाई हाय. पण त्यो मल्हारी माझ्या तोंडाकडं बघून उतरनार हाय. मी न्हाई लिहिनार."

सर म्हणाले, मग सोमवारपासून यायची गरज नाही. आणि कागद माझ्याकडं सरकवला. तपासणारं कुणी नसेल तर मुख्य प्रोग्रामरची सही चालते, असा आमच्याकडं नियम होता.

मी सही केली. इथं मी पुष्कळ काही लिहू शकतो, घरची जबाबदारी, सरांचे उपकार, शंभरातली एक वेळ. पण खरी गोष्ट अशी आहे की मला भीती वाटली आणि मी सही केली. आपा पिशवी भरत होती. गळ्यातलं ओळखपत्र काढून तिनं टेबलावर ठेवलं, आणि आवाज अजिबात न चढवता मला म्हणाली, "पवार सर, तुमी जिन्यात व्हते. तुमी तुमच्या डोळ्यांनं बघितलं व्हतं." ती शिवी देती तर मला सोपं गेलं असतं.

सोमवारी मी शेंद्र्याला गेलो. पाहुणे आले, फीत कापली, प्रेसपाशी सगळे गोळा झाले. फिटर लोकांची कुलपं शनिवारीच स्टोअरमध्ये जमा करून घेतली होती. मल्हारीनं ॲपवर मशीन लाल केलं, टाळ्या पडल्या, तो पॅनलमागून फिरून आला आणि खड्ड्यात उतरला. पाहुणे चहाला गेले. मी तिथंच थांबलो. सुपरवायझर पलीकडच्या शेडमधून, जिथं नेट लंगडत होतं, मोबाइलवर काहीतरी टाइप करत आला. त्यानं काय टाइप केलं ते मी नंतर वाचलं. पट्टा बदलणे आहे, एवढंच. बटणाला त्यानं हात लावला नव्हता.

ऑपरेटरनं आपला मोबाइल बघितला. हिरवा. त्याची काहीच चूक नव्हती, त्याला जे सांगितलं होतं तेच त्यानं केलं. तो पॅनलकडं गेला. मी ओरडलो, पण त्या शेडमध्ये दहा मशीनं चालू होती आणि माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्यानं सुरू करायचं बटण दाबलं. परत दाबलं.

प्रेस हलला नाही. ऑपरेटर वैतागून पॅनलच्या बाजूला गेला आणि तिथंच उभा राहिला. मुख्य खटक्याच्या दांड्याला एक पितळी कुलूप होतं. कारखान्याचं नव्हतं. घराच्या दाराला लावतात तसलं, जुनं.

मल्हारी खड्ड्यातून वर आला, करदोड्याची किल्ली चाचपत. मी जमिनीवर बसलो. त्यानंच मला पाणी दिलं आणि कुलपाची गोष्ट सांगितली. रविवारी आपा त्याच्या घरी येऊन गेली होती. त्याच्या बापाशी मेंढ्यांच्या गोष्टी करत बसली, आणि निघताना पिशवीतून कुलूप काढून मल्हारीच्या हातात ठेवलं. उतरू नको म्हणून सांगितलं तर तुझी नोकरी जाईल, ते मी सांगत नाही, पण हे लावल्याशिवाय उतरू नको, असं म्हणाली. त्यानं विचारलं, कुणाचं आहे. "माझ्या घराचं," ती म्हणाली. "उद्या घर उघडंच ऱ्हाईल. काय न्यायचं ते नेऊ दे."

त्या दिवशी संध्याकाळी वैद्य सरांसमोर मी माझी सही असलेला कागद फाडला नाही, फाडायचा मला अधिकार नव्हता. त्यावर मी काय बघितलं होतं आणि कधी बघितलं होतं ते लिहिलं आणि कारखान्याला पाठवून दिलं. काम जाईल असं सगळ्यांना वाटलं. कारखान्यानं काम काढून घेतलं नाही, ॲप मात्र बंद ठेवलं आणि नीट करून आणा म्हणून सांगितलं. मी माझा तो सुंदर पडदा मोडला. रंग आता नुसता दिसत होता, शेरा लिहिणाऱ्याच्या हातून तो बदलत नव्हता. शेरा गेला तर शेराच जाईल. लाल ज्यानं केलं, हिरवं त्यालाच करता येईल. आणि नेट लंगडायला लागलं तर पडदा ना लाल ना हिरवा, करडा होईल, म्हणजे आपल्याला ठाऊक नाही हे तो कबूल करील. हे शेवटचं मला सर्वांत अवघड गेलं. ठाऊक नाही असं म्हणणारं ॲप मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं.

मग मी बजाजनगरला आपाच्या घरी गेलो. सरांचा निरोप होता की परत या. तिनं चहा केला, निरोप ऐकला आणि म्हणाली की परत येणार नाही, सोयगावला भाऊ एकटा आहे, तिकडं जायचं ठरलंय. मी माफी मागितली. ती म्हणाली माफी ठीक आहे, मोबाइल कुठं आहे. मी तपासणीचा कागद काढला. ती म्हणाली, कागद नंतर.

दुसऱ्या दिवशी शेंद्र्यात प्रेसच्या खड्ड्यात मल्हारी उतरला नाही. आपा उतरली. मल्हारी नको नको म्हणत होता, साहेब नको म्हणत होते. तिनं खटका ओढला, कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली, मोबाइलवर लाल केलं आणि लोखंडी शिडीनं सावकाश खाली गेली. मग खालून मला हाक मारली.

"करा, पवार सर. काय गडबड करायची ती करा. आज चुकून दाखवा मला."

अर्धा तास मी त्या शेडमधून त्या शेडमध्ये पळत होतो. शेरे लिहिले, नेट तोडलं, जोडलं, तीन मोबाइलांवरून एकदम पाठवलं, जुना पडदा उघडा ठेवून तासाभरापूर्वीचं हिरवं पुढं रेटायचा प्रयत्न केला. पडदा कधी लाल राहिला, कधी करडा झाला. हिरवा एकदाही झाला नाही. प्रत्येक वेळी मी खड्ड्यापाशी येऊन खाली बघायचो. ओढणीतलं तिचं डोकं वाकलेलं, मोबाइल दोन्ही हातांत, नजर पडद्यावर. पंधरा मिनिटांनी मी म्हणालो, आपा, पुरे, वर या. ती म्हणाली अर्धा तास म्हणजे अर्धा तास.

वर आली तेव्हा गुडघ्यांना ग्रीस लागलं होतं आणि तिला ते दिसलंही नव्हतं. तिनं माझ्याकडून कागद घेतला, प्रेसच्या पत्र्यावर ठेवला आणि पास लिहून सही केली. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि ते लपवायचा मी प्रयत्नही केला नाही. साहेब पुढं झाले, कागद उचलून म्हणाले, चला, म्हणजे आता ॲप बिनचूक झालं, आता कुलपं काढायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच मल्हारी आपाच्या तोंडाकडं बघत होता.

आपानं कागद साहेबांच्या हातातून परत घेतला. सहीच्या वर थोडी जागा होती, तिथं तिनं बॉलपेन घट्ट दाबून आणखी एक ओळ लिहिली. कागद साहेबांना दिला, पण वाचून दाखवला मल्हारीला.

"ॲप बरोबर हाय. मी सोता बघितलं. तरीबी कुलूप लावल्याबिगर उतरायचं नाय."